एकतिसावी रांग

बुधवारी दुपारी जेवण आटोपल्यावर लिओना याकिमचुकने भांडी पुसायच्या फडक्यात एक पाना गुंडाळला, थर्मासमध्ये चहा भरला आणि क्लबकडून आलेली चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. चिठ्ठी साधीच होती. टेलर फील्ड स्टेडियम आता पाडायचं आहे, वर्षानुवर्षं एकाच जागी बसत आलेल्यांनी हवी असल्यास आपल्या बाकाची फळी काढून न्यावी, तुमची वेळ बुधवार, दुपारी तीन. या हिवाळ्याच्या तोंडाशी गावचा फुटबॉल संघ, रायडर्स, तिथे शेवटचा खेळला होता. पुढच्या मोसमापासून संघ नव्या स्टेडियममध्ये जाणार होता आणि या जुन्या लाकूड-लोखंडाची आता कुणाला गरज नव्हती.

बाहेर उणे चौतीस अंश होतं. कॅनडातल्या रिजायनात फेब्रुवारीत एवढ्यासाठी कुणी घरी बसत नाही. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवलेली गाडी दोनदा खोकून सुरू झाली. पण वारा पडला होता, आणि गावावर बर्फाचं धुकं उतरलं होतं. हवेतली वाफच गोठते आणि तिचे सुईच्या टोकाएवढे कण तसेच लोंबकळत राहतात. भर दुपारी समोरचं घर दिसत नाही, आवाज मात्र लांबलांबचे कानाशी येतात. पार पलीकडच्या यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, ते लिओनाला आपल्या अंगणात आदळल्यासारखे वाटले.

तिचं घर स्टेडियमपासून पाच गल्ल्यांवर. एरवी ती चालतच जायची. आज फळी आणायची म्हणून गाडी.

उत्तरेच्या फाटकाशी पहारेकऱ्याची लाकडी खोली होती. आतून गार्नेट बाहेर आला. साठीचा गडी, मिशांवर बर्फ, अंगात हिरवा कोट. त्याने चिठ्ठी वाचली आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकट्याच आलात, बाई? फळी आठ फुटी आहे. डोक्यावर घेऊन जाणार का?"

"रायडर्सच्या सामन्याला कलिंगड कोरून शिरस्त्राणासारखं डोक्यावर घालून बसलेली बाई आहे मी. फळीचं काय घेऊन बसलात?"

गार्नेट खदखदून हसला. "नव्या ठिकाणी पाठीला टेकायला आहे म्हणे. गुबगुबीत खुर्च्या."

"म्हणजे आता आरामात बसून हरायचं."

"हे मात्र खरं बोललात." तो बाजूला झाला. "बाकी सगळ्या फाटकांना साखळ्या घातल्यात. जायचं-यायचं इथूनच. पेच गोठलेले असतील, तुमच्या पान्याला दाद द्यायचे नाहीत. तासाभराने मी करवत घेऊन वर येतो. कितवी रांग?"

"एकतिसावी. चौदा आणि पंधरा."

"दोन जागा? दुसरी कुणाची?"

लिओना हे ऐकलंच नाही असं दाखवून आत शिरली.

---

त्या दोन जागांची गोष्ट एकतिसाव्या रांगेला मात्र माहीत होती.

१९७९ चा ऑक्टोबर. लिओना सत्तावीस वर्षांची, ओरेस्ट तिशीचा. लग्नाला चार वर्षं झालेली. तो रेल्वेच्या कडेच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता, ती घरीच. त्या वर्षी रायडर्स इतके हरत होते, की चुकून जिंकल्याचं कानावर आलं तर लोक पेपरवरची तारीख तपासायचे. तरी ही दोघं दर सामन्याला हजर. खेळाचा तिसरा भाग चालू होता, वारा हाडांत शिरत होता आणि लिओनाची बोटं बधिर झाली होती.

"ओरेस्ट, कॉफी आण ना रे," ती म्हणाली.

"आलोच," तो म्हणाला. लोकांच्या गुडघ्यांमधून आडवी वाट काढत, "सॉरी हं, सॉरी," म्हणत तो पायऱ्यांकडे गेला. लिओनाने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मैदानावर शेवटचा प्रयत्न चालला होता, चेंडू आणखी एक यार्ड पुढे न्यायला हवा होता, आणि तिची नजर तिथे होती. तो यार्ड काही मिळाला नाही.

ओरेस्ट परत आला नाही.

खेळ संपला, माणसं पांगली, दिवे विझले, तरी ती पंधरा नंबरवर हात ठेवून बसून होती. गाडी जिथे लावली होती तिथेच उभी होती. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं, रुळांच्या कडेची गवतं पालथी घातली. मग चौथ्या दिवशी उत्तरेच्या फाटकावरच्या माणसाने सांगितलं, हो, एक उंच माणूस पाहिला होता. हातात दोन कप. खेळ संपायच्या आधीच बाहेर पडला. बरोबर एक बाई होती. त्याचा कोपर धरून चालली होती आणि हसत होती.

"कशी होती बाई?"

"तरुण. हिरवी कानटोपी."

हिरवी कानटोपी! त्या दिवशी स्टेडियमात निम्म्या गावाने हिरव्या कानटोप्या घातल्या होत्या.

पण लोकांना तेवढं पुरे झालं. ओरेस्ट याकिमचुक कुणा बाईबरोबर पळाला. तिकडे अल्बर्टा प्रांतात तेलाच्या विहिरींवर असेल. कुणी म्हणे त्याला तिकडे पाहिला, पोरंबाळं झाल्येत म्हणे. लिओना शाळेची बस चालवायला लागली आणि तेहतीस वर्षं तिने दुसऱ्यांची पोरं सुखरूप घरी पोचवली. दुसरं लग्न केलं नाही. विचारणारे होते, नव्हते असं नाही.

नणंद स्टेफी यॉर्कटनला असायची. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि कोबीच्या भाजीवरून, हवेवरून, गुडघ्यांवरून गाडी शेवटी तिथेच यायची.

"माझा भाऊ असा नव्हता, लिओना. तू काहीतरी लागेल असं बोलली असशील त्याला."

"कॉफी आण म्हटलं. एवढंच म्हटलं."

"एवढंच?"

"एवढंच गं बाई."

सदतीस वर्षं दोन्ही जागा तिने सोडल्या नाहीत. नवखं कुणी पंधरावर सरकायला लागलं तर रांगच हळू आवाजात सांगायची, "तिथे नको." लिओना मात्र म्हणायची की सामान ठेवायला लागते जागा. तो मेला असता तर रडून मोकळी झाली असती. तिला कुरतडत राहिलं ते त्या बाईचं हसणं. भांडी घासताना, बसचं चाक धरलेलं असताना, मध्येच तो कोपर आणि तो हात दिसायचा. त्या हाताला तिने काय काय शाप दिले होते ते तिचं तिला ठाऊक.

---

एकतीस रांगा चढताना ती चार वेळा थांबली. पायऱ्यांवर बर्फ होता, प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. खाली मैदान असेल तिथे नुसतं पांढरं. समोरचा स्टँड नाही, गोलखांब नाहीत, काही नाही. एवढं मोठं स्टेडियम, पण धुक्याने तिच्याभोवती एका खोलीएवढंच शिल्लक ठेवलं होतं.

फळी ओळखीची होती. १४ आणि १५, आकड्यांचा रंग बसून बसून उडालेला. लिओना गुडघ्यांवर बसली, पाना लावला. पेच हलला नाही. दुसरा लावला. पाना निसटला आणि तिची बोटं लोखंडावर आपटली. ती उठून आपल्या जागेवर बसली, थर्मासच्या झाकणात चहा ओतला. डावा हात नकळत पंधरावर गेला.

उजेड उतरायला लागला होता. चार वाजत आले असतील.

आवाज पहिल्यांदा खालून आला. पायांखालून, फळ्यांच्या आतून. धप्... धप्... धप्. तिला वाटलं, पाडापाडीचं यंत्र कुठेतरी सुरू केलं असेल. पण यंत्राला असा ताल नसतो. संघ अडचणीत आला की रायडर्सची माणसं पाय आपटतात, हजारो पाय एकदम, आणि बाक मांड्यांखाली थरथरतो. लिओनाच्या झाकणातला चहा थरथरत होता.

मग ते थांबलं. एकदम. कुणीतरी दार लावून घ्यावं तसं.

पाठोपाठ वास आला. तळलेला कांदा. ओली लोकर. सिगारेटचा धूर. स्टँडमध्ये सिगारेट ओढायला बंदी होऊन किती वर्षं झाली होती. वास तिच्या खांद्यांवरून, मानेवरून सरकत गेला, जसा भरलेल्या रांगेत मागच्यापुढच्या माणसांचा सरकतो.

आणि मग पायऱ्यांवर पावलं वाजली.

गार्नेट आला म्हणून ती वळली. पण गार्नेट जड पायांचा. ही पावलं हलकी होती, दोन-दोन पायऱ्या घेणारी. ती एकतिसाव्या रांगेशी थांबली. धुक्यातून एक उंच माणूस रांगेत शिरला. हातात दोन कागदी कप. तो सरळ चालला नाही. अंग आडवं करून, पोट आत ओढून, एकेक पाय उचलून टाकत आला... रिकाम्या बाकांवरच्या, नसलेल्या गुडघ्यांवरून.

"सॉरी हं," तो म्हणत होता. "सॉरी... सॉरी, जाऊ द्या हं जरा..."

लिओनाच्या हातातलं झाकण पडलं. ते फळ्यांवरून घरंगळत गेलं, आणि बराच वेळ वाजत राहिलं.

तो तिच्यापुढे उभा राहिला. तीस वर्षांचा. हनुवटीवर सकाळी घाईत दाढी करताना कापलेलं, अजून ओलं. गाडीत बसल्यावर तिनेच रुमालाने टिपलं होतं ते.

"माफ करा, बाई. ही एकतीसच ना?"

"हो," लिओना म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

"मग चुकलो नाही." त्याने आजूबाजूला पाहिलं. "इथे माझी बायको बसली होती... तुम्ही पाहिलीत का?"

"कशी आहे?"

"ठेंगणी. हिरवी कानटोपी, स्वतः विणलेली, एका बाजूने लोंबते. विणताना माझ्याशी भांडत होती, टाके मोजायचे राहिले." तो हसला. डोळ्यांपाशी बारीक घड्या पडल्या. त्या घड्या ती विसरली होती. फोटोत त्या कधी आल्याच नव्हत्या. "मी म्हटलं उसव. तर म्हणते, मुद्दाम घालीन, तुला आठवण राहावी म्हणून. तुमच्या लक्षात आली असती हो ती. खेळ सुरू झाला की गप्प बसत नाही. पंचाला शिव्या देते, भाषेचं काही विचारू नका. माझ्याकडे तर बघतसुद्धा नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय, मी तिच्याकडे बघत बसतो." त्याने आवाज खाली आणला. "रायडर्सचं काय बघायचं असतं? कुणाला सांगू नका हं मी असं म्हटलं ते."

लिओनाने दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल घातले. बाहेर राहिले असते तर तिने त्याला धरलं असतं.

"कॉफीला... फार वेळ लागला," ती म्हणाली.

"रांग कसली होती खाली!" तो बोलता बोलता थांबला. कपाळाला आठी पडली. "पण दर वेळी वर आलो की... ती नसते."

"दर वेळी?"

"नाही... आत्ताच. एकदाच तर आलोय." त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. लिओनानेही पाहिलं. बुटांना तळ राहिले नव्हते. चामडं कागदासारखं पातळ झालं होतं, आणि फाटक्या कडांतून त्याची बोटं बर्फावर टेकली होती. तो जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे पाय होते.

तेव्हा तिला कळलं. ती यायची ती नेहमी खेळाच्या दिवशी. गर्दीत, गोंगाटात, तीस हजार माणसांबरोबर. आणि तो यायचा ते सगळं रिकामं असताना. सदतीस वर्षं, हिवाळ्यात, उन्हाळ्यात, एकतीस रांगा चढून, हातात दोन कप घेऊन... आणि पाच गल्ल्यांवर ती घरात बसलेली. एकदा. एकदाच जरी सहज म्हणून आली असती!

"ओरेस्ट," ती म्हणाली.

तो दचकला. "तुम्हाला माझं नाव..."

"मी लिओना. ओरेस्ट, मीच आहे रे."

तो आधी शिष्टाचारापुरतं हसला. मग वाकून त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते तिला सोसवेना. ओळख नव्हे. भीती. लहान मूल गर्दीत आईचा पदर समजून परक्या बाईचा धरतं आणि वर बघतं, तशी.

"नाही," तो हळूच म्हणाला. "नाही हो बाई... असं नका म्हणू..."

खालून पाय आपटायला लागले. धप्... धप्... त्याच्या हातातले कप थरथरले. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि धुकं त्याच्या खांद्यांवर चढलं. त्याचा चेहरा फिकट व्हायला लागला. आधी डोळ्यांपाशच्या त्या घड्या गेल्या, मग हनुवटीवरचं कापलेलं गेलं.

आणखी एकदा नाव सांगितलं तर तो ही भीती घेऊन खाली उतरेल. मग पुन्हा चढेल. पुन्हा उतरेल. आणि येत्या काही महिन्यांत या पायऱ्याच राहणार नाहीत. मग तो कुठे चढणार?

"अहो, थांबा!" लिओना हसली. कसं हसली कोण जाणे. "थट्टा केली. म्हातारीची थट्टा. तुमच्या बायकोनेच सांगितलं मला तुमचं नाव. ती खाली गेलीय."

तो थांबला. "खाली?"

"उत्तरेच्या फाटकाशी. म्हणाली, ओरेस्ट वर आला तर तिकडे पाठवा. गारठली होती हो. म्हणाली, खेळ गेला खड्ड्यात, घरी जाऊ या."

"लिओना असं म्हणाली?" त्याने मान तिरकी केली. संशय होता, पण चेहरा परत येत होता. "खेळ अर्धा टाकून? माझी लिओना?"

"म्हणाली." तिने नजर मैदानाकडे वळवली. "आज तिचं खेळात लक्ष नव्हतं. तुमच्याकडेच होतं."

त्याने हे ऐकलं आणि तो लाजला. तीस वर्षांचा तगडा माणूस कानापर्यंत लाल झाला. पायांचा आवाज थांबला. दोघांमध्ये पंधरा नंबरची जागा होती, बर्फ झाडलेली, हाताच्या अंतरावर. "बसा ना जरा," हे शब्द लिओनाच्या जिभेवर येऊन थांबले होते. पाच मिनिटं. परका म्हणून का होईना. तिने जीभ चावली.

"तुम्ही फार गारठलाय, बाई," तो म्हणाला. त्याने एक कप पुढे केला. "घ्या. तिला मी दुसरी घेऊन देईन."

"नको. तिच्यासाठी आणलीत ना? जा आता. ती वाट बघत असेल."

"फार वेळ झाला का?"

"झाला थोडा."

तो वळला. मग मान वळवून म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्ही कुणासाठी थांबलात?"

"नवऱ्यासाठी."

"येईल हो," ओरेस्ट मनापासून म्हणाला. "खाली रांग फार मोठी आहे."

या वेळी लिओनाने त्याची पाठ पाहिली. पोट आत ओढून, पाय उचलत, "सॉरी हं, सॉरी," करत तो रांगेबाहेर गेला. दोन-दोन पायऱ्या उतरताना त्याचा आवाज ऐकू येत राहिला. मग तोही नाही. कांद्याचा वासही गेला. नुसती थंडी उरली.

---

गार्नेट वर आला तेव्हा धापा टाकत होता, आणि चिडला होता.

"तुमच्याबरोबर आणखी दोघं आहेत हे सांगायचं तरी, बाई! माझ्याकडे एकाच नावाची चिठ्ठी आहे."

"कोण दोघं?"

"ते जोडपं हो. मी करवत घेऊन निघालो तर पोरगी फाटकाशी उभी. आत कुठून आली देव जाणे, मी तर तिथून हललो नाही. म्हटलं, काय पाहिजे? तर म्हणे, नवरा येतोय. तेवढ्यात तो आलाच, हातात दोन कप. थांबा म्हणेपर्यंत गेलेसुद्धा." त्याने लिओनाकडे निरखून पाहिलं. "तुमची मुलगी ना? मला वाटलंच. चेहरा अगदी तुमचा. आणि ती टोपी कुणी विणली? एक बाजू कानाखाली लोंबत होती."

लिओना फाटकाच्या दिशेने धुक्यात बघत होती.

"त्याचा कोपर धरून काय हसत होती! इथे दहा मोसम काढले मी. रायडर्सच्या फाटकातून असं हसत बाहेर पडलेलं माणूस पाहिलं नव्हतं." तो जरा ओशाळला. "बाई? बरं वाटत नाही का?"

"हसत होती?"

"हसत होती तर!"

सदतीस वर्षं ज्या हाताला तिने शाप दिले होते, तो हात तिने कोटाच्या खिशातून बाहेर काढला आणि बघितला. फुगलेले सांधे, आत्ताच लोखंडावर आपटून सोललेली बोटं. कुठून तरी खोलवरून तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं. दुसरी बाई नव्हतीच. कधीच नव्हती. तिचं मन पिसासारखं हलकं झालं.

ते तसं क्षणभरच राहिलं. मग हळूहळू दुसरं काहीतरी वर आलं. त्या पोरीला तो मिळाला होता. कोपर धरून ती त्याला घरी घेऊन गेली होती. आणि ही इथे, फळीवर.

गार्नेटने करवत खाली टेकवली. "कुठून कापू?"

"राहू द्या."

"न्यायची नाही फळी?"

"नको. बसायचं झालं माझं."

त्याने तिला दंडाला धरून खाली आणलं. फाटकाशी तिने बर्फाकडे पाहिलं. ट्रकांच्या चाकांचे ठसे, गार्नेटच्या बुटांचे, तिचे स्वतःचे. त्यात वेगळं काही ओळखू येत नव्हतं.

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली नाही. स्टेफीला फोन लावला. रविवार नसताना फोन आला म्हणून स्टेफी घाबरलीच.

"काय झालं गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. स्टेफी, तुझा भाऊ तसा नव्हता. तू म्हणायचीस ते खरं होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "काय कळलं तुला?"

लिओनाने सगळं सांगितलं. पायऱ्या, कप, बूट, टोपी, काही गाळलं नाही. किती वेळ बोलली तिला कळलं नाही. बाहेर फाटकावरचा दिवा लागला. तिचं बोलणं होईपर्यंत स्टेफीने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे सदतीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे त्या दिवशी त्याच्याबरोबर गेली," स्टेफी शेवटी म्हणाली, "ती..."

"मीच."

"तुझं डोकं फिरलंय" असं ती म्हणेल म्हणून लिओना थांबली. स्टेफी म्हणाली नाही. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग अगदी हळू, दार किलकिलं करून आत कुणी आहे का विचारावं तसं, तिने विचारलं,

"मग लिओना... ती त्याच्याबरोबर गेली, तर मी दर रविवारी जिच्याशी बोलते... ती कोण गं?"

लिओनाने फोन कानाशीच धरून ठेवला. तिने समोर पाहिलं. असल्या थंडीत बंद गाडीत माणूस दोन मिनिटं बसलं तरी श्वासाने काच आतून पांढरी होते, नखाने खरवडावी लागते. ती अर्धा तास बसली होती, अखंड बोलत होती. समोरची काच स्वच्छ होती.

तिने पुढे वाकून काचेला ओठ जवळजवळ टेकवले आणि छातीतला सगळा श्वास सोडला. मग आणखी एकदा.

काचेवर काही उमटलं नाही. काचेतून दिव्याखालचं फाटक लख्ख दिसत होतं. गार्नेटने ते अजून लावलं नव्हतं.